मिकाएला शिफ्रिन व्हायचं म्हणजे काय? मुलुंडच्या एका आईला फिजिओचं उत्तर

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी अकरा वर्षांची, चार वर्षं इनलाइन स्केटिंग करते. यंदा हिवाळ्यात सगळे गुलमर्गला गेले, तिथे मुलीने तीन दिवस पायात स्की घातल्या, आणि तेव्हापासून घरात अमेरिकेची स्कीपटू मिकाएला शिफ्रिन हिच्याशिवाय दुसरा विषय नाही. ताईंचे प्रश्न असे: ही मुलगी एवढी मोठी कशी झाली, तिचं आयुष्य असतं कसं, इतकं पडून-मोडून हे लोक परत उभे कसे राहतात, आणि मुंबईत राहून यातलं काही जमण्यासारखं आहे का?

मी सत्तावीस वर्षं दादरला फिजिओथेरपी करते. माझ्याकडचे गुडघे बहुतेक फुटबॉलचे, कबड्डीचे आणि चालत्या लोकलमधून उतरण्याच्या घाईचे. स्कीइंगचे वर्षाला दोन-तीन, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये, सहलीवरून परतलेले. पण १९९८ साली मी स्वतः मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा बेसिक स्कीइंग कोर्स केला होता आणि तेव्हापासून या खेळाचं वेड गेलेलं नाही. रात्री उशिरा स्कीइंगचा वर्ल्ड कप, म्हणजे हिवाळाभर चालणारी शर्यतींची मालिका, बघत बसते म्हणून घरच्यांची बोलणीही खाते.

तो कोर्स आधी सांगते, कारण माझं सगळं उत्तर तिथूनच निघतं. सोलंगच्या उतारावर आमच्या बॅचला वर न्यायला लिफ्ट नव्हती. स्की आडव्या टाकत, खेकड्यासारखं एकेक पाऊल वर चढायचं आणि मग खाली यायचं. दिवसाला फार तर दहा फेऱ्या, फेरीला पाच-सहा वेडीवाकडी वळणं, असे बारा दिवस. म्हणजे सहा-सातशे वळणं. स्लॅलमच्या, म्हणजे काठ्यांमधून नागमोडी उतरायच्या शर्यतीच्या सरावात आखलेल्या उतारावर एका फेरीत चाळीस-पन्नास वळणं होतात. लिफ्टने वर जाऊन दहा फेऱ्या मारल्या की झाली चारशे-पाचशे. माझा अख्खा कोर्स म्हणजे अशा मुलीची दीड सकाळ! उतार किती उंच, हिमालय आहे की आल्प्स, याने विशेष फरक पडत नाही. दिवसाला वळणं किती पदरात पडतात, त्याने पडतो. शिफ्रिनच्या आई-वडिलांना हे फार लवकर कळलं होतं.

मिकाएलाचा जन्म १३ मार्च १९९५ चा, अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या व्हेलचा. वडील जेफ भूलतज्ज्ञ, आई आयलीन नर्स. दोघंही स्कीच्या शर्यतींत उतरलेले. घरासमोरच्या वाटेवर प्लास्टिकच्या स्की घालून पोर चालायला लागली. घरात एका चाकाची सायकल होती, तीन चेंडू हवेत झेलायचा सराव होता. हे वाचून लोकांना गंमत वाटते, मला त्यात नीट विचार दिसतो: तोल आणि हात-डोळ्यांचा मेळ बर्फाबाहेर, फुकटात आणि खेळता खेळता तयार करून घेतला. ती आठ वर्षांची असताना कुटुंब न्यू हॅम्पशायरला गेलं आणि पुढे ती व्हरमाँटमधल्या बर्क माउंटन अकॅडमीत शिकली. अमेरिकेच्या त्या पूर्व भागातले डोंगर तुलनेने बुटके आणि बर्फ कडक. कडक बर्फ चूक माफ करत नाही. स्कीची कड नीट रुतली नाही की सरळ घसरगुंडी. तंत्र शिकायला याहून कडक मास्तर नाही.

आता मुंबईकराला खटकेल अशी गोष्ट. त्या वयात तिने तिच्या बरोबरीच्या मुलींपेक्षा शर्यती कमी खेळल्या आणि सराव जास्त केला, आणि हे आई-वडिलांनी ठरवून केलं. आपल्याकडे नेमकं उलटं उदाहरण आहे. आचरेकर सर सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, का तर दिवसात जास्तीत जास्त डाव खेळायला मिळावेत. मग बरोबर कोण? दोघंही. क्रिकेटमध्ये मॅच म्हणजे तासभर फलंदाजी मिळण्याची शक्यता. स्कीच्या शर्यतीचा दिवस म्हणजे पहाटे उठा, तासन् तास गाडीतून जा, थंडीत नंबरची वाट बघा आणि एकेका मिनिटाच्या दोन फेऱ्या मारून घरी या. पहिल्याच फेरीत आडवं झालं तर तेवढंही नाही. शिफ्रिन कुटुंबाने हा तोट्याचा सौदा कमी केला. आचरेकर सर व्हरमाँटमध्ये असते तर त्यांनीही स्कूटर बंदच ठेवली असती, असं माझं मत.

लिंडसी व्हॉनचीही गोष्ट याच हिशेबात बसते. डाउनहिल या सगळ्यांत वेगवान स्की-शर्यतीची ऑलिंपिक विजेती, वर्ल्ड कपच्या एकंदर गुणतालिकेत चार वेळा पहिली, ती वाढली कुठे, तर मिनेसोटातल्या बक हिलवर. जेमतेम शंभर मीटर उताराची टेकडी! तुमच्या मुलुंडच्या मागचे येऊरचे डोंगर याहून कितीतरी उंच आहेत. पण तिथे दोर धरून दोन मिनिटांत वर, की लगेच खाली, की परत वर. संध्याकाळी दिवे लावून तेच. एरिख सायलर नावाच्या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने त्या टेकडीवर पिढ्या घडवल्या.

स्लॅलम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अल्पाइन स्कीइंगमध्ये मुख्य प्रकार चार: स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल. डाउनहिल सगळ्यांत वेगवान, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. स्लॅलम सगळ्यांत अरुंद, जवळजवळ रोवलेल्या लाल-निळ्या काठ्यांमधून नागमोडी वळणं. या काठ्या बुडाशी लवतात, म्हणून खेळाडू त्यांना वळसा घालत नाहीत, नडगीने आणि मुठीने पाडत खाली येतात. टीव्हीवर जो खटाखट आवाज येतो तो त्याचाच. दोन फेऱ्यांचा वेळ मिळवून निकाल लागतो, फरक सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात. वर्ल्ड कपमध्ये पहिल्या फेरीतले पहिले तीसच दुसऱ्या फेरीत जातात आणि तिथे उलट्या क्रमाने सुटतात. म्हणजे पहिला आलेला सगळ्यांत शेवटी, उखडलेल्या उतारावरून आणि सगळ्यांचे आकडे माहीत असताना.

शिफ्रिन वर्ल्ड कपला पहिल्यांदा उतरली मार्च २०११ मध्ये, सोळावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. पहिला विजय डिसेंबर २०१२ मध्ये, स्वीडनमधल्या ओरे इथे. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी स्लॅलमचं सुवर्ण. इतक्या लहान वयात ते कुणीच जिंकलं नव्हतं. ती दुसरी फेरी मुलीला जरूर दाखवा. अर्ध्यावर तिची डावी स्की बर्फावरून उचलली जाते, वजन मागे जातं, आता बसणार असं वाटतं, आणि पुढच्या काठीपर्यंत ती परत जागेवर. मी हा तुकडा माझ्या विद्यार्थ्यांना दाखवते. तिथे विचार करायला वेळ नसतो. मेंदूपर्यंत निरोप जाऊन निर्णय होऊन परत येईपर्यंत पुढची काठी अंगावर आलेली असते. ते सावरणं त्या हजारो कंटाळवाण्या वळणांतून शरीरात मुरलेलं असतं.

पुढची यादी पटकन उरकते. २०१८ ला प्याँगचांगमध्ये जायंट स्लॅलमचं सुवर्ण, कंबाइंडचं, म्हणजे डाउनहिल आणि स्लॅलमची एकेक फेरी मिळून होणाऱ्या शर्यतीचं, रौप्य. २०१८-१९ च्या हंगामात वर्ल्ड कपच्या सतरा शर्यती जिंकल्या, आधीचा विक्रम चौदाचा होता. २०२३ पर्यंत एकंदर विजेतेपद पाच वेळा. मार्च २०२३ मध्ये, पहिला विजय मिळाला त्याच ओरेमध्ये, सत्त्याऐंशीवा विजय. त्याने स्वीडनच्याच इंगेमार स्टेनमार्कचा शहाऐंशी विजयांचा विक्रम मोडला, जो १९८९ पासून कुणीच मोडला नव्हता.

आता माझ्या धंद्याचा भाग. स्कीचा बूट कडक असतो, घोट्याला हलू देत नाही. त्यामुळे पाय पिळला की तो पीळ घोट्यात न जिरता थेट गुडघ्यात जातो. वळताना शरीराचं बहुतेक वजन बाहेरच्या पायावर, आणि वेगामुळे ते वजन शरीराच्या दुप्पट-तिप्पट वाटतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंना ते ताणले जात असतानाच पेलून धरायचं असतं. आपण जिना उतरताना जे होतं तेच, फक्त कैकपट जोरात. आणि वजन एकदा मागे गेलं, स्कीची कड अचानक बर्फात धरली, की नडगीचं हाड मांडीच्या हाडाखाली फिरतं आणि एसीएल, म्हणजे ही दोन हाडं गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं लिगामेंट, जातं. पडण्याआधीच जातं, हे लक्षात घ्या. पेशंट सांगतात, "मॅडम, आधी कट असा आवाज आला, मग पडलो."

शिफ्रिनच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली डिसेंबर २०१५ मध्ये, शर्यतीत नव्हे, शर्यतीआधी अंग मोकळं करताना. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, फाटलं आणि नडगीच्या माथ्याच्या हाडाला इजा झाली. साधारण दोन महिन्यांनी, १५ फेब्रुवारी २०१६ ला, ती क्रान्स-मोंतानाला स्लॅलममध्ये उतरली आणि जिंकली. हे ऐकून माझ्याकडचे वडील मंडळी उड्या मारतात, "बघा मॅडम, दोन महिन्यांत!" म्हणून सांगते: एमसीएल सांध्याच्या बाहेर असतं, त्याला रक्तपुरवठा चांगला, ते बहुतेकदा ऑपरेशनशिवाय जुळून येतं. एसीएल सांध्याच्या आत असतं, फाटलं की सहसा स्वतःहून नीट जुळत नाही. त्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला नऊ महिन्यांच्या आत मैदानावर सोडणं मी साफ नाकारते, मग आंतरशालेय फायनल असो नाहीतर अजून काही. दोन महिन्यांचं उदाहरण दुसऱ्या लिगामेंटचं आहे, आणि त्या दोन महिन्यांत तिच्यामागे दिवसभर राबणारी माणसं होती. क्लिनिकमध्ये आठवड्यातून तीनदा अर्धा तास येऊन तो वेग येत नाही.

तिला खरं आडवं केलं ते गुडघ्याने नाही. २ फेब्रुवारी २०२० ला वडील घरातल्या अपघातानंतर गेले. ती युरोपातून धावत परतली. तो हंगाम तिथेच संपला. नोव्हेंबरमध्ये ती परत उतरली आणि डिसेंबरमध्ये परत जिंकली, पण निकालाच्या ओळीत दुःख दिसत नसतं. मग २०२२ चं बीजिंग. सगळं जग पदकं मोजायला बसलेलं, आणि ती जायंट स्लॅलममध्ये पहिल्या काही सेकंदांत बाहेर, स्लॅलममध्येही तसंच. त्यानंतर कितीतरी वेळ उताराच्या कडेला बर्फात मान खाली घालून बसून राहिली, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. एकाही वैयक्तिक शर्यतीत पदक नाही. आणि त्याच हंगामाच्या शेवटी वर्ल्ड कपचं एकंदर विजेतेपद तिचंच. ऑलिंपिक दोन आठवड्यांचं, वर्ल्ड कप ऑक्टोबर ते मार्च. माझ्यासारख्यांच्या लेखी दुसरं मोठं, पण चार वर्षांतून एकदा टीव्ही लावणाऱ्याला हे पटवणं कठीण.

३० नोव्हेंबर २०२४ चा व्हरमाँटमधल्या किलिंग्टनचा अपघात मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. शंभराव्या विजयाची संधी, घरचं मैदान, पहिल्या फेरीनंतर ती पहिली. दुसऱ्या फेरीत शेवट जवळ आलेला असताना ती काठ्यांवर आदळली, कोलांटी घेत जाळीत गेली. पोटाच्या बाजूला खोल भोसकल्यासारखी जखम, तिरके स्नायू फाटलेले. लोक म्हणाले, नशीब, पाय वाचले. पण वळताना पाय एका दिशेला फिरतात आणि छाती उताराकडे बघत राहते, हा पीळ धरून ठेवतात ते हेच पोटाचे तिरके स्नायू. ते गेले की पाय कितीही दणकट असून उपयोग नाही. खोकताना, कुशीवर वळतानासुद्धा जाणवतात. माझ्याकडे सिझेरियननंतर आलेल्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोन महिन्यांनी, ३० जानेवारी २०२५ ला ती स्लॅलममध्ये परतली, दहावी आली. पण जायंट स्लॅलम, म्हणजे जिथे पडली तो प्रकार, अंगवळणी पडेना. तिने उघड सांगितलं की हा आघातानंतरचा मानसिक त्रास आहे, आणि जागतिक स्पर्धेत त्या प्रकारातून माघार घेतली. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्याच ब्रीझी जॉन्सनबरोबर सांघिक कंबाइंडचं सुवर्ण घेतलं. नंतर सेस्त्रिएरेला जायंट स्लॅलमच्या एका शर्यतीत तिला पहिल्या तीसांतही येता आलं नाही, आणि त्याच मुक्कामात २३ फेब्रुवारीला स्लॅलम जिंकून शंभर पूर्ण केले. एकच बाई, एकच बर्फ, एका प्रकारात शरीर "नको" म्हणतंय आणि दुसऱ्यात जगज्जेतं. आमच्याकडे जखम भरली, ताकद परत आली, सगळ्या चाचण्या पास, तरी पेशंट त्या पायावर उडी मारत नाही. नातेवाईक म्हणतात, नाटकं करतो. नाटकं नसतात हो ती. मेंदूने त्या हालचालीवर लाल शिक्का मारलेला असतो, आणि तो ओरडून निघत नाही, हळूहळू, सोप्यापासून, पुन्हा पुन्हा करूनच निघतो.

रोजचं आयुष्य कसं असतं? उन्हाळ्यात न्यूझीलंड किंवा चिली, कारण बर्फ तेव्हा तिकडे असतो. ऑक्टोबरला ऑस्ट्रियातल्या झोल्डनच्या हिमनदीवर हंगाम सुरू, मग मार्चपर्यंत दर आठवड्याला नवं गाव, नवं हॉटेल, तीच जिम, तेच व्हिडिओ. आई बरीच वर्षं प्रशिक्षक म्हणून सोबत फिरली. आणि झोप! दुपारच्या झोपेबद्दल शिफ्रिन प्रसिद्ध आहे. क्लास-शाळा-क्लास करून रात्री साडेअकराला झोपणाऱ्या आपल्या मुलांच्या आयांना मी हे मुद्दाम सांगते, आणि त्या मुद्दाम विषय बदलतात.

आता मुंबईचं. आपल्याकडे कुणी पोचलंच नाही असं नाही. जेरेमी बुजाकोव्स्की भारताकडून १९६४ आणि १९६८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले. शैलजा कुमार १९८८ ला कॅल्गरीत स्लॅलम खेळल्या, हिवाळी ऑलिंपिकमधल्या पहिल्या भारतीय महिला. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य मिळवलं. २०२२ च्या बीजिंगमध्ये अख्ख्या भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गजवळचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, म्हणजे पोर बर्फातच वाढलेलं. तरीही पंचेचाळिसावा, आणि मी त्याला मोठं यश मानते. आपल्याकडे बर्फाचे महिने कमी, त्यातही काही वर्षं बर्फ वेळेवर पडत नाही. २०२५ मध्ये तर गुलमर्गच्या खेलो इंडियाच्या स्पर्धा त्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. परत आला मुद्दा वळणांवर.

म्हणून ताई, स्पष्ट सांगते. मुलुंडमध्ये राहून वर्षाला एक आठवडा बर्फ मिळणारी मुलगी वर्ल्ड कप जिंकणार नाही. पण ती उत्तम स्कीइंग करू शकते, आणि अकरा वर्षांच्या मुलीला आज तेवढं कारण पुरेसं आहे. इनलाइन स्केटिंग अजिबात सोडू नका, बर्फ नसताना स्कीवालेही तेच करतात. फक्त गोल गोल वेगाच्या शर्यतींऐवजी शंकू लावून वळणं घ्यायला सांगा, डावीकडची आणि उजवीकडची सारखीच. बहुतेक स्केटर मुलं ट्रॅकवर एकाच बाजूला वळून वळून एका अंगाने पक्की आणि दुसऱ्या अंगाने कच्ची झालेली असतात. कुर्ल्याच्या मॉलमधल्या बर्फात मजा करा, पण ते स्कीइंगच्या सरावात धरू नका.

शिवाय एक गोष्ट घरीच बघा. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तिला एका पायावर उभं करा आणि दुसऱ्या पायाची टाच हळू जमिनीला टेकवून परत वर यायला सांगा. आरसा समोर ठेवा. उभ्या पायाचा गुडघा आत, अंगठ्याच्या आतल्या बाजूला झुकतो का? वयात येणाऱ्या मुलींमध्ये हे फार दिसतं आणि एसीएलच्या दुखापती मुलींना मुलांपेक्षा जास्त होण्यामागे हे एक कारण मानलं जातं. झुकत असेल तर घाबरू नका. कंबरेच्या बाजूचे आणि मांडीच्या मागचे स्नायू मजबूत करायचे, दोन्ही पायांवर मऊ उतरत उड्या मारायला शिकवायचं, आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं. भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायच्या पैजा सध्या मुलं लावतात, त्याने मांडी पेटते पण उतरणं सुधारत नाही. आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणाली तर "वाढीचं आहे, जाईल" म्हणून महिनोन् महिने उड्या चालू ठेवू नका.

पुढच्या वेळी तीन दिवसांच्या सहलीऐवजी गुलमर्ग किंवा मनालीच्या संस्थेच्या दोन आठवड्यांच्या कोर्सची चौकशी करा, वयाची अट आधी विचारून घ्या. भाड्याच्या सामानात जाकीट कसलं का असेना, बूट मात्र नीट बसणारा हवा. दोन मोजे घालून मोठा बूट घट्ट करायचा नाही, एकच पातळ लांब मोजा. स्कीला बूट धरून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटलं पाहिजे, आणि ते किती जोरात सुटायचं हे वजन, उंची, वय, स्कीइंग किती येतं ते आणि बुटाच्या तळाची लांबी बघून स्क्रूने ठरवतात. दुकानदाराला ते तुमच्या समोर लावायला सांगा, आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहू देऊ नका. आणि तो वजन विचारेल तेव्हा खरं वजन सांगा, "थोडी बारीक आहे, पण तीस धरा" असं नको.